राजाबाई टॉवरचे स्कॉटसाहेब

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. माणसाची पंचविशी म्हणजे ऐन तारुण्य, पण इमारतीची पंचविशी म्हणजे चाळिशीचा चष्मा लागण्याचा काळ. टेरेसचे वॉटरप्रूफिंग, खालच्या मजल्याच्या छताला आलेली ओल, कॉलमला गेलेला तडा, स्ट्रक्चरल ऑडिट, हे शब्द आता प्रत्येक जनरल बॉडीत ऐकू येतात. कोणी म्हणतात, आहे तेच नीट करून घेऊ. कोणी म्हणतात, जुने काढूनच टाका, एकदाच काय तो खर्च होऊ दे. सभा लांबते, चहा थंड होतो आणि निर्णय पुढच्या सभेवर जातो.

अशा सभेतून घरी येताना मला नेहमी एका माणसाची आठवण येते. त्याने आयुष्यभर हाच प्रश्न सोडवला, आणि त्याच प्रश्नावरून म्हातारपणी बोलणीही खाल्ली. नाव सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. नाव ओळखीचे वाटले नाही तरी त्यांचे काम आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानावर आलात, की समोर उभा असतो तो राजाबाई टॉवर त्यांचा. शेजारचे विद्यापीठाचे ग्रंथालय आणि पदवीदान सभागृह हेही त्यांचेच. आपल्यापैकी कित्येकांच्या पदवीच्या कागदावर ज्या विद्यापीठाचा शिक्का आहे, त्याचे घर या माणसाने कागदावर रेखाटले. गंमत म्हणजे स्कॉट मुंबईला कधीच आले नाहीत.

त्यांचा जन्म 13 जुलै 1811 चा, इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायर परगण्यातल्या गॉकॉट नावाच्या खेड्यातला. वडील तिथले धर्मोपदेशक. घरात मुले पुष्कळ आणि पैसा बेताचा. पण या वडिलांना बांधकामाची हौस होती, इतकी की गावातल्या चर्चचा आराखडा त्यांनी स्वतःच केला. जॉर्ज फारसा शाळेत गेला नाही, शिक्षण बरेचसे घरीच झाले. जवळच हिल्सडेन नावाच्या गावात एक जुने दगडी चर्च होते. पोरगा चालत तिथे जायचा आणि वही काढून कमानी, खिडक्या, नक्षी उतरवत बसायचा. वडिलांनी हे पाहिले आणि ठरवले की याला वास्तुकारच करायचा. पुढे साठीत पोचल्यावर स्कॉटनी त्याच हिल्सडेनच्या चर्चची दुरुस्ती केली. लहानपणी ज्या ओट्यावर बसून चित्रे काढली त्याच ओट्याचा दगड पुन्हा नीट बसवण्याचे भाग्य किती जणांना मिळते?

1827 साली, सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तो लंडनला जेम्स एडमस्टन या वास्तुकाराकडे उमेदवारीला लागला. हे एडमस्टन वास्तुकार म्हणून साधेच, पण भक्तिगीते मात्र उत्तम लिहायचे. उमेदवारी संपली, दोन-तीन ठिकाणी मदतनीस म्हणून काम झाले, आणि 1835 मध्ये वडील अचानक गेले. आता घराकडे बघायला हवे. चोवीस वर्षेही पुरी न झालेल्या स्कॉटनी काय केले, तर वडिलांच्या ओळखीच्या एकूण एक माणसांना पत्रे लिहिली की मी व्यवसाय सुरू करतोय, काही काम असेल तर सांगा. लाज बाजूला ठेवून केलेली ही धडपड होती, आणि तिला फळही आले.

काम मिळाले ते कसले? गरिबांना डांबून ठेवण्याच्या सरकारी घरांचे. इंग्लंडमध्ये 1834 साली गरिबांसाठी नवा कायदा झाला होता आणि जागोजाग अशी वर्कहाउस उभी राहायची होती. विल्यम मॉफट नावाच्या भागीदाराबरोबर स्कॉटनी अशी पन्नासच्या आसपास घरे बांधली. मॉफट मोठा बोलका आणि खटपट्या, तर स्कॉट रात्रीबेरात्री बग्गीतून एका गावाहून दुसऱ्या गावी फिरणारे. पैसा आला, पण मॉफटचे हात सैल सुटले. भागीदारी मोडायला हवी हे स्कॉटना कळत होते, पण तोंडावर सांगायचा धीर होईना. शेवटी त्यांची पत्नी कॅरोलाइन हिने पदर खोचला. एके दिवशी नवरा ऑफिसात नसताना ती स्वतः मॉफटला भेटली आणि भागीदारी संपल्याचे सांगून आली! 1846 पर्यंत हिशेब मिटला. पुढच्या सगळ्या थोरवीत या बाईंचा वाटा किती, हे वेगळे सांगायला नको.

सुरुवातीची चर्चेही स्कॉटनी स्वस्तातलीच बांधली. पुढे ती आठवली की त्यांना स्वतःचीच लाज वाटे. मग प्युजिन या वास्तुकाराचे लेख वाचनात आले आणि त्यांचे डोळे उघडले. मध्ययुगातल्या पाथरवटांनी आणि सुतारांनी जी कामे केली, त्यांत खोटेपणा नव्हता. दगड दगडाचे काम करीत होता, लाकूड लाकडाचे. ती गॉथिक पद्धत, म्हणजे टोकदार कमानी, उंच शिखरे, भिंतींना बाहेरून दिलेले दगडी आधार, हेच आपले काम असे त्यांनी ठरवले. ऑक्सफर्डचे हुतात्मा स्मारक झाले. जर्मनीत हॅम्बुर्ग शहर 1842 च्या आगीत होरपळले, तिथल्या सेंट निकोलाय चर्चची स्पर्धा झाली आणि ती या इंग्रजाने जिंकली. त्या चर्चचे शिखर 1874 साली पुरे झाले तेव्हा 147 मीटर उंचीमुळे काही काळ ती जगातली सर्वात उंच इमारत होती. दुसऱ्या महायुद्धात, 1943 च्या बॉम्बवर्षावात, ते चर्च पडले. शिखर मात्र उभे राहिले आणि आज ते युद्धाचे स्मारक म्हणून जपलेले आहे.

पण स्कॉटांचे खरे आयुष्य गेले ते जुन्या इमारतींत. 1847 पासून ईली इथल्या कॅथेड्रलचे काम त्यांच्याकडे आले आणि 1849 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीची देखभाल. राजांचे राज्याभिषेक जिथे होतात, ते हे चर्च. तेव्हा स्कॉट अडतीस वर्षांचे होते. हे काम त्यांनी शेवटच्या श्वासापर्यंत, म्हणजे जवळजवळ एकोणतीस वर्षे केले.

ॲबीला लागून एक आठकोनी सभागृह आहे. तेराव्या शतकातले. स्कॉटांच्या हाती आले तेव्हा त्याची दशा बघवत नव्हती. शतकानुशतके सरकारी दप्तर तिथे कोंबलेले, खिडक्या बुजवलेल्या, दगडी छत पूर्वीच उतरवलेले, आत कपाटांच्या आणि माळ्यांच्या रांगा. आपल्याकडे जिन्याखाली आणि पॅसेजमध्ये जुनी कपाटे, सायकली आणि फुटके माठ साठतात ना, त्याचीच ही राजेशाही आवृत्ती. पण स्कॉट त्या अडगळीत शिरले. कपाटांच्या मागे जाऊन, धुळीत हात घालून, कुठे कमानीचा तुकडा सापडतो, कुठे नक्षीचा, हे टिपत राहिले. लाकडी तक्तपोशीखाली तेराव्या शतकातल्या नक्षीदार फरशा जशाच्या तशा निघाल्या. दप्तर दुसरीकडे हलल्यावर 1866 ते 1872 या काळात, सापडलेल्या पुराव्यांवरून त्यांनी ते सभागृह पुन्हा उभे केले. आत झडू लागलेल्या दगडावर त्यांनी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा फवारा मारला. लाख आत मुरली की दगडाचा भुगा पडायचा थांबे. आतल्या कोरड्या भागात हा उपाय लागू पडला, बाहेर पावसात मात्र टिकला नाही. आज आपण कसली कसली केमिकल मारून घेतो, त्यांचे हे पणजोबा म्हणायचे.

त्यांची धडाडी बघायची तर वेल्सच्या पश्चिम टोकाला, सेंट डेव्हिड्सला जायला हवे. तिथल्या कॅथेड्रलचा मधला मनोरा चार खांबांवर उभा आहे. त्यांतले दोन खांब मनोऱ्याच्या ओझ्याने चिरडत चालले होते. मनोरा उतरवून नवा बांधा, हा सोपा मार्ग होता. स्कॉटनी तो धरला नाही. त्यांनी जाडजूड लाकडांचे टेकू लावून वरचा सगळा भार तोलून धरला, खालची जमीन कोरडी केली, आणि मनोरा डोक्यावर असतानाच ते दोन्ही खांब एकेक दगड काढून, एकेक दगड घालून नवे केले. वरून मनोऱ्याला लोखंडी पट्ट्यांनी आवळून घेतले. ज्यांनी कॉलमचे जॅकेटिंग चालू असताना त्याच इमारतीत राहून पाहिले आहे, त्यांना यातली धाकधूक वेगळी सांगायला नको.

1870 मध्ये सेंट ऑल्बन्सच्या जुन्या ॲबीचा मनोरा असाच बोलू लागला. तडे दिवसागणिक रुंदावत होते. स्कॉट धावत गेले. मजूर रात्रंदिवस लावले, टेकू दिले, भेगांत पातळ सिमेंट ओतले, लोखंडी सळ्यांनी भिंती बांधून घेतल्या. मनोरा वाचला आणि आजही आहे.

असे करता करता स्कॉटांचे ऑफिस लंडनमधले सर्वात मोठे झाले. स्प्रिंग गार्डन्स भागातल्या त्या ऑफिसात पंचवीसहून अधिक मदतनीस बसत. आयुष्यभरात त्यांनी हात लावलेल्या इमारती आठशेच्या पुढे जातात. इंग्लंडमधल्या बहुतेक मोठ्या जुन्या कॅथेड्रलांना कधी ना कधी त्यांचा हात लागला. साहेब सतत आगगाडीत. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात, खरीखोटी देव जाणे. एकदा पहाटेची गाडी पकडून ते कुठल्याशा गावी उतरले आणि तिथून ऑफिसला तार केली, की मी इथे कशासाठी आलो आहे ते कळवा!

नव्या बांधकामांतही नाव झाले. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट 1861 मध्ये वारले, त्यांचे हाइड पार्कजवळचे स्मारक स्कॉटांचे. त्यासाठी 1872 मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. परराष्ट्र कार्यालयाच्या इमारतीवरून मात्र त्यांची चांगलीच ओढाताण झाली. त्यांनी आराखडा गॉथिक केला होता, पंतप्रधान पामरस्टन म्हणाले गॉथिक चालणार नाही, इटालियन धर्तीचे हवे. वर्षानुवर्षे वाद चालला. शेवटी स्कॉटनी मान तुकवली आणि इटालियन धर्तीचा आराखडा करून दिला. तत्त्वासाठी काम सोडले नाही, याबद्दल त्यांना अनेकांनी नावे ठेवली. घरात पाच मुलगे, ऑफिसात एवढी माणसे. सोडणे बोलायला सोपे असते. ती गॉथिकची भूक त्यांनी पुढे सेंट पँक्रस स्टेशनच्या हॉटेलात भागवून घेतली. ते लाल विटांचे हॉटेल 1873 ला सुरू झाले. 1935 ला बंद पडले, 1960 च्या दशकात पाडायला निघाले होते, लोकांनी आवाज उठवून 1967 मध्ये त्याला संरक्षण मिळवून दिले, आणि 2011 मध्ये ते पुन्हा हॉटेल म्हणून उघडले. जुन्या इमारती वाचवणाऱ्या माणसाची स्वतःची इमारत पुढच्या पिढीने वाचवली.

आता मुंबई. 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात फोर्टच्या तटबंदीच्या भिंती पडल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवे शहर उभे राहू लागले. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, त्यामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. सर कावसजी जहांगीर यांनी सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले, अट एकच, मनोऱ्याला आईचे नाव द्यायचे. राजाबाई म्हणजे प्रेमचंदशेटच्या आई. पुढे 1865 ला बाजार कोसळला, स्वतः प्रेमचंदशेटही बुडाले, पण दान दिलेले होते ते दिलेलेच राहिले.

नकाशे लंडनहून आले. बोटीने. इथली जागा, इथला पाऊस, इथले ऊन स्कॉटनी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. तरी त्यांनी उन्हापावसाचा विचार केला. सभागृहाला कडेने ओवऱ्या दिल्या, कोपऱ्यात उघडे गोल जिने दिले, म्हणजे वारा खेळता राहावा. सभागृहातल्या मोठ्या गोल खिडकीच्या रंगीत काचांत बारा राशी आहेत. पदवी घ्यायला जाल तेव्हा वर बघा, तुमची रास शोधा. बांधकामावर देखरेख केली ती लेफ्टनंट कर्नल फुलर यांनी. कुर्ल्याचा दगड आपल्या पाथरवटांनी घडवला. मनोऱ्यावर वरच्या बाजूला पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातिजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांच्या हातचे. नकाशा लंडनचा आणि हात मुंबईचे. म्हणूनच तो मनोरा आपल्याला परका वाटत नाही.

सभागृह 1874 मध्ये पुरे झाले. मनोरा 280 फूट, म्हणजे आजच्या हिशेबाने पंचवीसेक मजले. तो नोव्हेंबर 1878 मध्ये पुरा झाला, पण तोवर स्कॉट राहिले नव्हते.

शेवटची वर्षे त्यांना जड गेली. 1865 मध्ये शिकता शिकता एक मुलगा गेला, 1872 मध्ये कॅरोलाइन गेली. सर झाल्याचा आनंद वाटून घ्यायला घरात ती नव्हती. त्यातच बाहेर टीकेचा सूर चढत गेला. स्कॉट जुन्या इमारती वाचवतात की बदलतात, असे लोक उघड विचारू लागले.

हा आरोप पोकळ नव्हता. सातशे वर्षांच्या चर्चमध्ये प्रत्येक पिढीने काही ना काही घातलेले असते. स्कॉट ठरवत, की अमुक काळातले ते अस्सल, तमुक काळातले ते नंतरचे, म्हणून काढा. स्टॅफर्डच्या चर्चमध्ये त्यांनी तरुणपणी असेच नंतरचे काम काढून मूळचे कसे असेल त्या अंदाजाने नवे घातले. तिथे भिंत फोडल्यावर मूळचे तुकडे सापडले आणि त्यांचा अंदाज बरोबर ठरला. पण नेहमीच असे होत नाही. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये त्यांनी चौदाव्या शतकातली खरी खिडकी काढली आणि त्याहून आधीची कशी असेल त्याची कल्पना करून नवी बसवली. खरे गेले, कल्पना राहिली.

विशेष म्हणजे हा धोका त्यांना सर्वांच्या आधी कळला होता. 1850 मध्येच त्यांनी जुन्या चर्चांची दुरुस्ती प्रामाणिकपणे करा असे सांगणारे पुस्तक लिहिले. 1862 मध्ये व्यवसायबंधूंसमोर निबंध वाचून, जुने होईल तितके राखा असे बजावले, आणि या बाबतीत आपण सगळेच चुकलो, मीसुद्धा, अशी कबुली दिली. पण काम समोर आले, की मंडळींचा आग्रह, देणगीदारांची हौस, हाताखालच्या माणसांची घाई आणि स्वतःचा उत्साह, यांत नियम बाजूला पडे. इतकी कामे अंगावर घेतल्यावर प्रत्येक दगडाकडे साहेब स्वतः कसे बघणार?

मार्च 1877 मध्ये ट्यूक्सबरीच्या चर्चचे काम स्कॉटांकडे असल्याचे वाचून विल्यम मॉरिस हा कवी आणि कारागीर भडकला. त्याने वर्तमानपत्रात पत्र लिहिले आणि त्याच महिन्यात जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. तिचे म्हणणे साधे होते. इमारत पुन्हा तरुण करायला जाऊ नका. पन्हळी साफ ठेवा, गळती वेळीच थांबवा, झुकलेल्याला टेकू द्या, आणि जी दुरुस्ती कराल ती दुरुस्ती म्हणून दिसू द्या. ही संस्था आजही काम करते आहे. सासष्टीच्या घरातल्या स्कॉटांना हे फार लागले. ज्या इमारतींसाठी जन्म घातला, त्यांचाच मारेकरी ठरवले जातोय, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. त्यांनी उत्तरे दिली. पण वेळ थोडा उरला होता. 27 मार्च 1878 ला त्यांचे निधन झाले. ज्या वेस्टमिन्स्टर ॲबीची त्यांनी इतकी वर्षे राखण केली, तिच्याच फरसबंदीखाली त्यांना विसावा मिळाला. लंडनच्या लाल टेलिफोन पेट्या आठवतात? त्या ज्यांनी योजल्या ते जाइल्स गिल्बर्ट स्कॉट म्हणजे यांचे नातू.

मग स्कॉट बरोबर की मॉरिस? मला विचाराल तर दोघांचेही ऐकायला हवे. सेंट डेव्हिड्सचे दोन खांब चिरडत असताना नुसत्या पन्हळी साफ करून भागले नसते. तिथे हात घालणारा, छाती असलेला माणूसच हवा होता. आणि ऑक्सफर्डची ती खिडकी काही पडत नव्हती. जिथे जिवाला धोका आहे तिथे उशीर नको, आणि जिथे नुसती हौस आहे तिथे घाई नको, एवढा धडा मी या चरित्रातून घेतला. स्कॉट चुकले ते हौसेच्या जागी. जिथे धोका होता, तिथे त्यांनी वाचवलेले मनोरे आजही उभे आहेत.

आपली इमारत काही सातशे वर्षांची नाही, तिच्यावर पुतळे नाहीत आणि राशीही नाहीत. पण तिच्यात आपली मुले मोठी झाली, काही ज्येष्ठ याच लिफ्टने शेवटचे खाली उतरले. पुढच्या सभेत दुरुस्तीचा विषय निघेल तेव्हा आधी तडा कुठे आहे ते सगळ्यांनी मिळून जाऊन पाहू, मग भांडू. आणि एखाद्या रविवारी नातवंडांना घेऊन ओव्हलवर जा. टॉवरकडे बोट दाखवून सांगा, की हा ज्याने काढला तो इथे कधी आला नाही आणि हा पुरा झालेला त्याने पाहिला नाही.

रौप्यमहोत्सवाच्या सर्व सभासदांना शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवही याच गच्चीवर साजरा होवो, आणि तेव्हा ती गळत नसो!